बोटाचा सांधा मोडला तर: पहिल्या तासापासून भाकरी थापेपर्यंत

आमच्याकडं हात मोडला म्हणजे मनगट नाहीतर कोपर. बोट मोडणं कुणी मोडण्यात धरतच नाही. "बोटच तर हाय, जाईल बसून," असं म्हणून माणसं त्याच हातानं सोयाबीन काढायला जातात. मीही तेच केलं.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधल्या आठवड्यातली गोष्ट. केज तालुक्यातल्या आमच्या गावात मी म्हशीला हौदावर नेत होते. दाव्याचे दोन वेढे उजव्या हाताच्या बोटांना दिलेले. मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, म्हैस उधळली आणि माझी अनामिका दाव्यात अडकून मागं वळली. कट्‌कन आवाज आला. बोट सुजलं, पण हलत होतं. सासूबाई म्हणाल्या, "मुका मार हाय, शेक दे." गावातल्या दवाखान्यात गोळ्या आणि मलम मिळालं. नऊ दिवस मी त्याच बोटानं धार काढायला बसत होते. दहाव्या दिवशी फोटो काढला (एक्स-रेला आम्ही फोटोच म्हणतो) तेव्हा कळलं की मधल्या सांध्याचा तुकडा निघालाय आणि पुढचं पेर मागं सरकलंय. अकराव्या दिवशी ऑपरेशन करून हाड धरून ठेवणारी वायर, म्हणजे बारीक तार, घातली.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, विचारून, चुकून जे कळलं ते इथं लिहिते. त्यातली एक गोष्ट मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. बोटाच्या सांध्याच्या दोन मुदती असतात. पहिली आठवडाभराची: तेवढ्यात सांधा जागेवर बसला पाहिजे. दुसरी तीन-चार आठवड्यांची: तोवर तो हलायला लागला पाहिजे. माझ्या दोन्ही हुकल्या.

१. सांधा मोडलाय का, हे कसं ओळखायचं

हातात २७ हाडं असतात: मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांच्या पेरांची १४. चार बोटांना तीन-तीन पेरं, अंगठ्याला दोन. म्हणजे प्रत्येक बोटाला तीन सांधे: मुळाचा (मूठ वळली की उंचवट्यासारखा वर येतो तो), मधला आणि टोकाचा. अंगठ्याचा हिशोब थोडा वेगळा.

पेर मधोमध मोडलं आणि जरा वाकडं जुळलं तरी बऱ्याचदा निभावतं. सांध्याचं तसं नाही. तिथं दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर सरकत असतात. त्यात बारीकशी पायरी राहिली तरी बोट अडतं, दुखत राहतं आणि पुढं सांधा झिजतो.

घरी बघण्याच्या खुणा:

- सूज सांध्याभोवती गोल आहे, दोन-तीन दिवसांत उतरत नाही, आणि बोटानं दाबलं की हाडावरच नेमकं दुखतं.
- तळहाताच्या बाजूनं निळंकाळं झालंय.
- टोकाचं पेर खाली लोंबतंय, स्वतःच्या जोरावर वर येत नाही.
- हळूच मूठ वळवल्यावर एक बोट शेजारच्यावर चढतंय. नीट वळलेल्या मुठीत सगळ्या बोटांचा रोख अंगठ्याच्या बुडाकडं असतो. एखादं बोट फटकून गेलं तर पेर पिळलं गेलंय असं समजा. ही पिळवट फोटोत नीट दिसत नाही, मुठीत दिसते. म्हणून डॉक्टरांनाही मूठ वळवून दाखवा.
- बोटाचं टोक बधिर, पांढरं किंवा गार पडलंय. मग मात्र सकाळची वाट पाहू नका.

यात सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "हलतंय ना, मग मोडलं नाही" हे वाक्य. माझं बोट नऊ दिवस हलत होतं. मोडलेलं बोटही हलतं, कारण त्याला ओढणाऱ्या शिरा तळहातातून आणि मनगटातून येतात, त्या शाबूतच असतात.

२. पहिला तास

आधी बांगड्या आणि अंगठी काढा. बाकी सगळं नंतर. सूज तासाभरात चढते आणि मग अंगठी निघत नाही. साबण किंवा तेल लावून, हात वर धरून काढा. तरी निघेना तर दवाखान्यात कापतात, नाहीतर गावातला सोनारही कापून देतो. सोन्याचा जीव खाऊ नका, अंगठी पुन्हा जोडता येते. माझी अंगठी मी "सौभाग्याची हाय" म्हणून राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी ती कापताना अर्धा तास रडले.

मग बर्फ. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. कातडीवर थेट ठेवायचा नाही. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. गरम शेक पहिले दोन-तीन दिवस अजिबात नको, त्यानं सूज वाढते. हात छातीच्या वर ठेवा. लोंबता सोडला की ठणकतो.

बोट शेजारच्या बोटाला बांधा, मध्ये कापूस घाला, पट्टी सैल ठेवा. वहीचा पुठ्ठा दुमडून खाली आधार दिला तरी चालतं. ओढून बसवायला जाऊ नका. निखळलेलं बोट आणि मोडलेलं बोट बाहेरून सारखंच दिसतं. ओढलं तर तुकडा सांध्यात अडकू शकतो.

जखम असेल तर गोष्ट बदलते. हाडावर जखम म्हणजे हाड उघडं पडलं असं धरून चाला. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पट्टा यांतली जखम मातीनं भरलेली असते. भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, धुतलेलं फडकं बांधा आणि निघा. हळद, चुना, ग्रीस, टूथपेस्ट काही भरू नका. डॉक्टरला आधी ते खरवडावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा.

बोट तुटून पडलं असेल तर तुकडा ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गारठून वाया जातो. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट असते.

भांडणात दुसऱ्याच्या दातावर मूठ बसून मुळाच्या सांध्यावर बारीक जखम झाली असेल तर ती लाजून लपवू नका. दातातली घाण थेट सांध्यात जाते आणि दोन दिवसांत पू होतो. डॉक्टरला खरं सांगा.

३. कुठं जायचं, पिशवीत काय घ्यायचं

हाड बसवणारे आमच्या भागात दर दहा गावांत एक आहेत, आणि त्यातल्या काहींचा हात खरंच हलका असतो, हे मी नाकारणार नाही. पण सांध्याच्या आतली पायरी बोटानं चाचपून कळत नाही. शिवाय कामट्या लावून आवळलेली पट्टी रक्त अडवते. माझ्या शेजारच्या बाकड्यावर बीडकडचा एक पोरगा होता, अशाच पट्टीनं त्याची बोटं काळपट पडली होती. लेप लावायचाच असेल तर आधी फोटो काढा, मग हवा तो लेप लावा. फोटो बघितल्यावर लेपाची इच्छा बहुतेक राहत नाही.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोटो निघतो, कच्चं प्लास्टर होतं. आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं केसपेपरला थोडे पैसे लागतात. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, ही त्यातली जुनी ठिकाणं. सांध्याचं मोडणं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि शक्यतो हाताची कामं नेहमी करणारा सर्जन गाठा. प्लास्टिक सर्जनही बोटांचं काम करतात, हे मला फार उशिरा कळलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. तुमच्या केसपेपरवर युनिट लिहिलेलं असतं. पुन्हा दाखवायला त्याच वारी जा. मी एकदा चुकीच्या वारी गेले, नवीन डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि "तुमच्या युनिटला दाखवा" एवढं ऐकून पाच वाजताच्या एसटीनं परत आले.

पिशवीत हे घाला:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही.
- आधीचे सगळे फोटो. नुसता कागदी रिपोर्ट नको, फिल्म पाहिजे. फिल्म दुमडू नका. खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलमध्येही टिपून ठेवा.
- साखर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटं.
- सैल बाह्यांचा, पुढून बटणं असलेला कपडा. घट्ट ब्लाउजच्या बाहीतून प्लास्टरचा हात जात नाही. मी दवाखान्यातच बाही उसवली.
- सोबत एक माणूस, ज्याचे दोन्ही हात चालतात. अर्जावर सही कोण करणार, पाण्याची बाटली कोण उघडणार?

नखांचं पॉलिश घरूनच काढून जा. बोटाला रक्त पोचतंय का, ते नखाच्या रंगावरून बघतात.

४. फोटो नीट काढून घ्या

इथं माझा एक दिवस फुकट गेला, म्हणून सविस्तर सांगते. पहिला फोटो काढला तो अख्ख्या पंजाचा. समोरून ठीक होता, पण बाजूनं काढलेल्या फोटोत चारही बोटं एकमेकांवर आली आणि माझा तुकडा त्या गर्दीत लपला. मधला सांधा मागं सरकलाय का, हे फक्त बाजूच्या फोटोतच कळतं. म्हणून तंत्रज्ञाला नम्रपणे सांगा: "दुखणाऱ्या बोटाचा एकट्याचा फोटो हवा, समोरून आणि बरोबर बाजूनं." बाकीची बोटं वळवून बाजूला धरायची असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बोटाचं नाव लिहिलेलं आहे का, तेही बघून घ्या. अनामिका की करंगळी, यात लोक गोंधळतात.

पोटात बाळ असेल किंवा शंका असेल तर फोटोआधी सांगा.

पडताना तळहात टेकला असेल आणि अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर जी खोलगट जागा असते तिथं दुखत असेल, तर पहिला फोटो स्वच्छ आला तरी गाफील राहू नका. तिथलं होडीसारखं छोटं हाड मोडलेलं पहिल्या दिवशी दिसत नाही असं पुष्कळदा होतं. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात, तोवर आधार ठेवतात.

५. डॉक्टर काय म्हणतील, आणि त्याचा अर्थ

टोकाचं पेर लोंबणं. माझ्या पुतण्याला कबड्डीत झालं, क्रिकेटच्या चेंडूनंही होतं. टोक सरळ करणारी शीर तुटते किंवा हाडाची चकती घेऊन निघते. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. टोकाचा सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे लावायची, रात्रंदिवस. खरी मेख पुढं आहे: त्या काळात टोक एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पट्टी धुवायला काढली तर बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. पुतण्यानं पाचव्या आठवड्यात "बघू तरी वाकतंय का" म्हणून वाकवून बघितलं. पुन्हा सहा आठवडे.

मधला सांधा. हा सगळ्यात खट्याळ, आणि माझा हाच होता. तळहाताच्या बाजूचा तुकडा लहान असेल आणि सांधा जागेवर असेल तर नुसती शेजारच्या बोटाशी पट्टी बांधून लवकर हलवायला लावतात. साधारण हिशोब असा सांगतात की तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाच्या ३० टक्क्यांहून कमी असेल तर सांधा बहुधा टिकतो, ५० टक्क्यांच्या वर गेला तर टिकत नाही, आणि मधल्यांचं तपासून ठरवतात. काहींना बोट थोडं वाकवून अशी पट्टी देतात की बोट मिटता येतं पण पूर्ण उघडता येत नाही. दर आठवड्याला ते थोडं थोडं उघडत नेतात. हाडाचा भुगा झाला असेल तर वायरींची चौकट आणि रबर लावून सांधा ताणून ठेवतात. तशी चौकट मी एका ऊसतोड मामांच्या बोटाला बघितली, सायकलच्या स्पोकसारखी दिसत होती, पण मामा त्याही बोटानं रोज हालचाल करत होते.

मुळाचा सांधा आणि तळहातातलं हाड. भिंतीवर मूठ मारली की करंगळीच्या खालचं तळहातातलं हाड मुळाच्या सांध्याच्या जरा मागं मोडतं. ते थोडं वाकलेलं असलं तरी चालतं, बोट पिळलेलं नसलं म्हणजे झालं.

अंगठ्याचं बूड. मोटारसायकलवरून पडलेल्यांत पाहिलं. स्नायू तुकड्याला सतत ओढत राहतात, त्यामुळं नुसत्या प्लास्टरमध्ये तो जागेवर राहत नाही आणि वायर किंवा स्क्रू बऱ्याचदा लागतो. अंगठ्याशिवाय ना विळा धरता येतो, ना सुई. इथं घासाघीस करू नका.

डॉक्टरांकडं वेळ कमी असतो. म्हणून मी प्रश्न हातावरच पेनानं लिहून न्यायला लागले: सांध्यात पायरी आहे का? सांधा जागेवर बसलाय का? कोणते सांधे आजपासून हलवायचे? वायर कधी काढणार? पुढचा फोटो कधी? पहिल्या आठवड्यानंतरचा फोटो चुकवू नका. बसवलेला सांधा सूज उतरल्यावर पुन्हा सरकू शकतो.

६. ऑपरेशन ठरलं तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या कार्डासह सगळे रेशन कार्डधारक त्यात आले आहेत. योजनेतल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथं जा. तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का आणि या दवाखान्यात होतं का, हे त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. मंजुरी आधी लागते. आधी पैसे भरून नंतर "योजनेतून परत मिळतील" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला एका ठिकाणी असंच सांगितलं होतं आणि ते पैसे आजही परत यायचेत. आधारवरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नसेल तर तिथंच अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांनो, हे आजच तपासा. नुसतं ओपीडीत प्लास्टर घातलं तर तो खर्च योजनेत धरू नका, ती मुख्यतः भरती झालेल्यांसाठी आहे.

शेतकरी अपघाताच्या अनुदानाचं गावात फार ऐकायला मिळतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना मृत्यू आणि हात, पाय, डोळा कायमचा निकामी होण्यासाठी आहे. बोटाचं फ्रॅक्चर त्यात बसत नाही. एजंटाला पैसे देऊ नका.

भूल बहुतेक वेळा हातापुरतीच देतात: बोटाच्या बुडाशी, मनगटाशी किंवा काखेत-मानेजवळ इंजेक्शन. तरी उपाशी किती वाजल्यापासून राहायचं ते विचारून घ्या. मी जागी होते, पडद्यामागं मशीनवर माझंच हाड दिसत होतं. सी-आर्म म्हणतात त्याला. फोटो बघत बघतच वायर घालतात. या वायरीला के-वायर म्हणतात. के म्हणजे किर्शनर, १९०९ मध्ये ही पद्धत आणणारा जर्मन सर्जन. आवाज मात्र आपल्या सुताराच्या ड्रिलसारखाच येतो.

घाई करा असं मी सांगते ती इथं उपयोगी पडते. पहिल्या आठ-दहा दिवसांत तुकडा बाहेरून ओढून बसवता येतो. दोन-तीन आठवडे गेले की तो चुकीच्या जागी चिकटायला लागतो आणि मग उघडून काम करावं लागतं.

७. प्लास्टर आणि वायरीचे दिवस

प्लास्टरमध्ये हाताची ठेवण विचित्र दिसते: मनगट जरा मागं, मुळाचे सांधे काटकोनाकडं वाकलेले, पुढची बोटं सरळ. ती मुद्दाम तशी असते, त्या ठेवणीत सांध्याचे बंध आखडत नाहीत. "हात सरळ करून द्या" असा हट्ट धरू नका.

बाकीची मोकळी बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे. माझ्या जावेच्या बहिणीचं बोट बरं झालं आणि खांदा आखडला.

हे दिसलं तर रात्रीसुद्धा निघा: औषधानंही न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, बोट हलकेच सरळ केलं तरी कळ येणं, बधिरपणा, बोटं निळी-पांढरी पडणं. प्लास्टर घट्ट झालेलं असतं. सकाळपर्यंत थांबून हात गमावलेले लोक आहेत.

वायरीचं टोक बाहेर असेल तर ते कोरडं ठेवा. गोठा, शेण, भांडी, कुट्टी या चौघांपासून लांब. मला हे सगळ्यात अवघड गेलं, कारण घरात दुसरं कोण करणार? शेवटी धार नवऱ्यानं शिकली. वायरीभोवती लाल झालं, पू आला किंवा वायर सैल हलू लागली तर लगेच दाखवा. स्वतः उपटू नका. उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत घाम येतो, खाज सुटते. आत विणकामाची सुई किंवा झाडूची काडी घालू नका, जखम दिसत नाही आणि चिघळते.

तंबाखू, गुटखा, मशेरी बंद. निकोटिननं हाड सावकाश जुळतं. चौकटवाले मामा म्हणायचे, "मग अंगठ्याला व्यायाम काय देऊ, तंबाखू मळणंच बंद केलं तर?" साखरेच्या रुग्णांनी साखर सांभाळा.

८. हलवायचं कधी आणि कसं

माझी दुसरी मुदत हुकली ती इथं. वायर चौथ्या आठवड्यात निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता हलवा." मी घरी आले आणि भीतीनं बोटाला फडकं गुंडाळून आणखी तीन आठवडे गप्प बसले. फोटोत मोडल्याची रेघ अजून दिसत होती, म्हणून हाड कच्चं आहे असं मला वाटलं. नंतर कळलं की बोटाचं हाड तीन-चार आठवड्यांत कामापुरतं जुळतं, पण फोटोतली रेघ कित्येक महिने राहू शकते. रेघ बघून थांबायचं नसतं. दाबल्यावर हाड दुखतंय का आणि डॉक्टर काय म्हणतात, ते बघायचं. तेवढ्या तीन आठवड्यांत माझा सांधा आखडला, आणि पुढचे पाच महिने मी त्याचीच भरपाई करत होते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मला फिजिओथेरपीत शिकवलेला क्रम असा:

हात कोमट पाण्यात दहा मिनिटं (जखम पूर्ण भरलेली असेल तरच). मग बोटं पूर्ण सरळ. मग मुळाचे सांधे सरळ ठेवून पुढची दोन पेरं आकड्यासारखी वाकवायची. मग पूर्ण मूठ. मग मुळाशी काटकोन आणि बोटं सरळ, छपरासारखी. प्रत्येक ठेवण पाच मोजेपर्यंत, दहा वेळा, दिवसात पाच-सहा दा. एकदम तासभर करण्यापेक्षा थोडं थोडं पुष्कळ वेळा करणं चांगलं.

दुसरा व्यायाम एकेका सांध्याचा. डाव्या हातानं दुखऱ्या बोटाचं मुळाचं पेर घट्ट धरायचं म्हणजे मुळाचा सांधा हलणार नाही, आणि फक्त मधला सांधा वाकवायचा. तसंच मधलं पेर धरून टोकाचा. असं धरलं नाही तर बोट लबाडी करतं: मुळापासून वाकतं आणि मधला सांधा तसाच राहतो.

किती दुखलेलं चालेल? व्यायामानंतर थोड्या वेळात शमणारी कळ चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आधीपेक्षा सुजलेलं असेल तर जास्त झालं. दुसऱ्या कुणाला ओढून वाकवू देऊ नका. माझ्या मावशीनं मायेनं जोर लावला आणि मी चार दिवस मागं गेले.

ताकदीचा व्यायाम नंतर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, विचारूनच. दुकानातली रबराची गोळी नको, कणकेचा गोळा घ्या. ताटातले ज्वारीचे दाणे एकेक चिमटीनं वाटीत टाका. कपडा पिळा. मोजमाप ठेवायचं असेल तर मूठ वळल्यावर बोटाचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते पट्टीनं मोजून दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. रोज मोजू नका, निराशा येते. सांध्यावरची सूज महिनोन्‌महिने राहते आणि बोट जाडसर दिसतं, ते बहुतेकांना होतं.

हात आगीसारखा जळजळतो, कातडी चकचकीत होते, घाम येतो, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, असं काही झालं तर "व्यायाम कमी पडतोय" म्हणून रेटू नका. तो वेगळा त्रास असतो आणि त्यावर लवकर उपचार लागतो.

९. कामावर परत

हलकी कामं वायर निघाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत जमतात: भाजी निवडणं, फोन, लिहिणं. जोराची कामं, म्हणजे विळा, खुरपं, बादली, धार, दहा-बारा आठवड्यांनी, आणि तीही डॉक्टरांनी हाड दाबून बघितल्यावर. पहिले काही आठवडे शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून काम करा. दावं मात्र मुठीत धरा, वेढे देऊ नका. मी आता घरातल्या पोरांना तेवढ्यावरून ओरडते.

भाकरी हीच माझी परीक्षा होती. थापताना तळहात सपाट लागतो आणि बोटं पूर्ण उघडी. माझं बोट आता साधारण वीस अंश वाकलेलंच राहतं आणि मिटताना ऐंशीच्या आसपास थांबतं. चांगला मधला सांधा शंभरपर्यंत जातो. त्यामुळं भाकरीला एका कडेला अनामिकेची खळी पडते. धार अख्ख्या मुठीनं निघत नाही, चिमटीनं काढते, वेळ लागतो.

आखडलेला सांधा मोकळा करायचंही ऑपरेशन असतं. पण ते लगेच करत नाहीत. काही महिने नेटानं व्यायाम करून बोट आहे तिथंच अडलं आणि जखमेची सगळी सूज, निबरपणा ओसरला, मगच त्याचा विचार करतात, आणि त्यानंतर व्यायाम पुन्हा पहिल्यापासून. मला डॉक्टरांनी विचारलं आहे. मी त्यांना दिवाळीनंतर सांगते म्हणाले आहे, सोयाबीन निघू दे आधी.